पॉलसचं शेवटी कुणी केलं

अण्णा, तुमचा थोरला मुलगा गेल्या मंगळवारी सिकंदराबादच्या घरी वारला. सकाळचा चहा घेतला, पेपर मांडीवर उघडला आणि तसाच राहिला. तुम्ही असतात तर हे पहिलंच वाक्य लाल पेन्सिलीनं दुरुस्त केलं असतंत. 'माझा मुलगा' नव्हे, 'भाऊंचा मुलगा'. पण तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. माझी वाक्यं दुरुस्त करणारं आता कुणी नाही, म्हणून मी मला लिहायचं तसं लिहिणार आहे. तुमचा थोरला मुलगा. माझा सख्खा भाऊ.

काल त्याचा मुलगा आला होता. माधापूरला कंपनीत आहे, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि मराठी त्याला बोलता येतं तेवढंच. हातात एक जुनं पुस्तक होतं. "आत्या, हे बाबांच्या अल्मारीत मिळालं. तुमच्या घरचं दिसतंय. मला तर वाचता येत नाही, पण फेकायचं मन होईना." मी उघडलं. तुमचा ॲटलास. पहिल्या पानावर दादाचं नाव दोनदा आहे. वर पेन्सिलीनं, लहान मुलाच्या अक्षरात, मधल्या जागी तुमचं नाव. खाली शाईनं, जरा सरावलेल्या हातानं, मधल्या जागी भाऊकाकांचं. स्वतःचं नाव तेच, आडनाव तेच, फक्त मधला माणूस बदललेला. पेन्सिलीचं खोडायला किती वेळ लागतो? साठ-पासष्ट वर्षांत त्यानं ते खोडलेलं नाही.

हा ॲटलास त्यानं कधी उचलला ते तुम्हाला आठवतच असेल. नारायणगुड्याच्या आपल्या दोन खोल्या. तो आठ वर्षांचा, मी पाच, धाकटा आईच्या कडेवर. भाऊकाका तुमचे थोरले भाऊ, सिकंदराबादला रेल्वेत गार्ड, मोठं क्वार्टर आणि त्यात काका-काकू दोघंच. थोरल्या घराचा वंश थांबायला नको असं तुम्हीच ठरवलंत. कुणी मागितलं नव्हतं. गुरुजी आले, तुम्ही हातावर पाणी सोडलंत आणि मुलगा दिलात. मग त्याला पुस्तकांच्या फळीसमोर उभं केलंत आणि म्हणालात, "एक उचल. कुठलंही." तो कितीतरी वेळ उभा होता. ॲटलास उचलला, कारण त्यात रंग होते. भाऊकाकांचा हात धरून उंबऱ्यापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "येतो, अण्णा." तुम्ही म्हणालात, "अण्णा नाही. आता काका." तो "हौ" म्हणाला. तुमच्याकडे बघून "काका" म्हणाला आणि गेला. मला वाटलं हा काहीतरी खेळ आहे, आणि संध्याकाळी तो परत येईल.

पुस्तक उचलायला का सांगितलंत ते मला पुढे कळलं. तुमच्या त्या रोमन माणसामुळे. शाळेच्या अभ्यासक्रमात नसलेला हा माणूस आमच्या घरी रोज जेवायला असायचा. आई चुलीपाशी भाकऱ्या थापते आहे, आम्ही पाटावर ओळीनं बसलो आहोत, आणि तुम्ही घास हातात धरून एमिलियस घराण्याबद्दल सांगता आहात. रोमच्या सगळ्यांत जुन्या घराण्यांपैकी एक. पिढ्यान् पिढ्या राज्याची मोठी पदं त्यांच्याकडे. एक पूर्वज हानिबलच्या लढाईत असा मेला की सगळी फौज कापली जात असताना कुणीतरी त्याला घोडा देऊ केला, आणि तो घेतला नाही. त्याचा मुलगा पॉलस. पॉलसनं आपली थोरली दोन मुलं दुसऱ्या दोन मोठ्या घराण्यांना दत्तक दिली. एक फेबियसांना, एक सिपिओंना. कारण त्या घरांना वारस नव्हते, आणि त्यामुळे तीन घराणी राजकारणात एकमेकांना बांधली गेली. "घराणी अशी टिकतात," तुम्ही म्हणायचात. "देणारा लागतो." आई म्हणायची, "त्या पॉलसला भूक लागत नव्हती वाटतं. भाकरी निवली." तुम्ही दोन घास घाईनं खायचात आणि पुढे सरकायचात. पॉलसनं मॅसिडोनियाच्या राजाला हरवलं. त्याच्या खजिन्यातलं स्वतःसाठी काही घेतलं नाही. फक्त मुलांना सांगितलं, राजाच्या ग्रंथालयातली पुस्तकं तुम्ही घ्या.

आणि मग ती मिरवणूक. तीन दिवस चाललेली. हरलेला राजा काळ्या कपड्यांत चालतो आहे, त्याची लहान मुलं पुढे आहेत, त्यांना काय चाललंय ते कळत नाही. मागे रथात पॉलस. घरी ठेवलेल्या दोन मुलांपैकी एक पाच दिवसांपूर्वी गेला आहे. दुसरा अजून तीन दिवसांनी जाणार आहे. त्यानंतर तो लोकांसमोर उभा राहतो आणि सांगतो, की एवढ्या यशानंतर दैव उलटणार हे मला ठाऊक होतं. मी मागितलं होतं की उलटायचंच तर माझ्या घरावर उलटू दे, रोमवर नको. हरलेल्या राजाची मुलं जिवंत आहेत. जिंकणाऱ्याच्या घरी कुणी उरलं नाही. इथे तुम्ही थांबायचात. दर वेळी इथेच. मग पाणी प्यायचात.

मी मुद्दाम जुळवून आणत नाही. धाकटा आठ वर्षांचा असताना तापानं गेला. मी आठवीत होते. तीन दिवसांचा ताप. तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः घरी आले तेव्हाच आई समजली. चौदाव्या दिवशी तुम्ही शाळेत गेलात. माझ्याच वर्गावर तुमचा तास होता. तुम्ही पुस्तक बंद केलंत आणि पॉलसचं भाषण शिकवलंत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न अडखळता. वर्गातल्या मुली रडायला लागल्या. मी रडले नाही. मला तुमचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता, आणि त्या वयात या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. नंतर मीही पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. विद्यार्थिनी मला घाबरायच्या. तो ताठपणा मी त्या तासाला शिकले.

त्याच दिवशी संध्याकाळी भाऊकाका आले. बरोबर दादा. पंधरा वर्षांचा, ओठांवर मिसरूड, हातात लोखंडी ट्रंक. भाऊकाकांनी टोपी काढली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "हे बघ, मी सरळ बोलतो. पोराला घेऊन आलो. तुझ्या घरी आता मुलगा पाहिजे. आमचं काय, आम्ही दोघं राहू."

तुम्ही म्हणालात, "भाऊ, दिलेलं परत घेत नाहीत."

"अरे, कुणी विचारायला येणार आहे का? नक्को करू असं. पोराच्या आईकडे बघ."

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तुमच्यासमोर ती भाऊकाकांशी कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली, पण तुम्हाला उद्देशून. "पोरगं आहे हो ते. शेजाऱ्याचं पातेलं नाही, दिलं की विसरायला."

तुम्ही दादाकडे वळलात. मला वाटलं आता तुम्ही त्याला विचाराल, तुला कुठे राहायचंय. तुम्ही विचारलंत, "शाळा कशी चाललीय?" तो म्हणाला, "ठीक आहे, काका." त्यानं मुद्दाम तसं म्हटलं की सवयीनं, मला आजही ठरवता येत नाही. तुमचा चेहरा मात्र एका क्षणात बंद झाला. "भाऊ, रात्रीची गाडी चुकेल," तुम्ही म्हणालात. दादानं ट्रंक उचलली. ती जड होती. त्यानं आपलं सगळं सामान आणलं होतं, म्हणजे त्याला यायचं होतं. हे मला दिसलं. तुम्हाला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर घरात मूल म्हणून मीच उरले. मला त्याचं वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुमची फळी माझी झाली, तुमचा पॉलस माझा झाला. कॉलेजात मी इतिहासच घेतला, आणि अफझलगंजच्या लायब्ररीत पंख्याखालची एक खुर्ची धरून रोमवर मिळेल ते वाचलं. तिथे कळलं की तुमची गोष्ट तुम्ही थांबायचात तिथे संपत नव्हती. त्या भाषणानंतर पॉलस काही वर्षांनी वारला. घरात मुलगा नव्हता. तेव्हा दत्तक दिलेली दोघं परत आली. कायद्यानं एक फेबियस, एक सिपिओ. पण दोघांच्या नावाच्या शेवटी 'एमिलियानस' असं जन्माचं घर राहिलेलंच होतं. ती तिथली रीत होती, दिलेल्या मुलाच्या नावातून देणारं घर पुसत नसत. बापाचं सगळं त्या दोघांनी केलं. अंत्यविधीचे खेळ केले, नाटक करवलं. तुमचा हक्क नाही असं रोममध्ये त्यांना कुणी म्हटलं नाही.

मी वार्षिक परीक्षेसाठी या घराण्याच्या राजकारणावर एक लांब उत्तर लिहिलं आणि तुम्हाला तपासायला दिलं. तुम्ही खुर्चीत बसून वाचता आहात, मी समोर उभी आहे. शेवटच्या परिच्छेदावर, दिलेल्या मुलांनी बापाचं केलं त्यावर, तुमची लाल पेन्सिल आली आणि तिरपी एक रेघ खाली गेली. "प्रश्न राजकारणाचा आहे. घरच्या गोष्टी कशाला?" मी म्हटलं, "अण्णा, पण शेवट तर तोच आहे." तुम्ही म्हणालात, "शेवट परीक्षक ठरवतो." मी तो परिच्छेद काढून टाकला. मला चांगले गुण मिळाले.

त्याच घराण्याबद्दल आणखी एक गोष्ट होती, ती तुम्ही कधी सांगितली नाहीत आणि मीही विचारली नाही. पॉलसनंतर सव्वाशे वर्षांनी, दुसऱ्या शाखेत, लेपिडस. रोमचे तीन मालक झाले त्यांतला तिसरा. त्या तिघांनी ठार मारायच्या माणसांच्या याद्या लावल्या, आणि लेपिडसनं त्या यादीत आपल्या सख्ख्या भावाचं नाव घातलं. भाऊ पळून गेला म्हणून वाचला. लेपिडसला पुढे बाकीच्यांनी बाजूला सारलं, आणि तो म्हातारा होईपर्यंत, कुणी विचारत नसताना, जगला. पुढे दोन-तीन पिढ्यांत घराणंच बुडालं. मी वर्गात हे शिकवायचे. मुली विचारायच्या, "मॅडम, सख्ख्या भावाचं नाव? कसं काय लिहिलं असेल?" मी सांगायचे, सत्तेसाठी. ते उत्तर पुरेसं नाही हे तेव्हाही मला माहीत होतं. नाव लिहायला सत्ता लागत नाही. हा आपल्यातला नाही, एवढं एकदा पटलं की हात आपोआप चालतो.

तुम्ही रात्री गेलात, त्याचा दुसरा दिवस. सकाळचे नऊ. आई आधीच गेलेली. तुमचं दुखणं मी एकटीनं काढलेलं, कॉलेज सांभाळून. दादाही रेल्वेतच लागलेला, तेव्हा काझीपेटला ड्यूटी. सकाळच्या गाडीनं तो आला, अंगणातल्या नळाखाली बसून आंघोळ केली, ओल्या धोतरानं उभा राहिला. गुरुजींनी कुणालाही न विचारता विस्तवाचं मडकं त्याच्या हातात दिलं. गल्लीतली माणसं त्याच्याकडे बघत होती. आठ वर्षं तुमची औषधं, तुमची धोतरं, तुमचा रक्तदाब मी पाहिला होता, आणि मडकं त्याला. मी पायऱ्या उतरून खाली आले आणि म्हटलं, "गुरुजी, थांबा. ते दत्तक दिलेले आहेत. यांचा मुलगा नाहीत."

गुरुजी म्हणाले, "ते खरं, पण ताई, आता दुसरं कोण..."

"मी."

"मुलीनं देण्याचं शास्त्रात..."

"शास्त्रातच आहे, दिलेल्या मुलाला जन्मदात्याचा अधिकार राहत नाही. खोटं असेल तर सांगा."

शेजारचे साहेब पुढे आले, तुमच्याशी बुद्धिबळ खेळायचे ते. हलक्या आवाजात म्हणाले, "जाने दो बाई, भाईच है ना तुम्हारा."

मी म्हटलं, "भाई है. बेटा नहीं है."

मी दादासमोर जाऊन हात पुढे केला. त्यानं मडक्याची सुतळी सोडवून माझ्या हातात दिली, आणि ती देताना मडकं कलंडलं म्हणून दुसऱ्या तळव्यानं खालून आधार दिला. तळवा भाजला असणार. "सांभाळून घे गं," म्हणाला. एवढंच. मग तो मागे गेला आणि खांद्याला लागला. बाकी सगळं मी केलं. आमच्या गल्लीत त्याआधी कुठल्याही बाईनं ते केलं नव्हतं. कॉलेजात सहकारी प्राध्यापिकांनी माझा हात हातात घेतला. धीट म्हणाल्या, पुढारलेली म्हणाल्या. महिला दिनाला मला व्यासपीठावर बसवून त्याबद्दल बोलायला लावलं. मी बोलले. लेक आणि लेकात फरक नाही, असं बोलले. टाळ्या झाल्या. त्या भाषणात दादा कुठेच नव्हता.

त्यानंतर आम्ही भेटत राहिलो, लग्नकार्यात, आजारपणात. तो नेहमी काहीतरी घेऊन यायचा, सीताफळांची टोपली, नाहीतर फाईन बिस्किटांचा पुडा. चहा प्यायचा, गाड्यांच्या गोष्टी सांगायचा, हसवायचा. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मला वाटायचं विसरला. रेल्वेची माणसं असतात तशी, गाडी गेली की गेली.

काल त्याच्या मुलानं ॲटलास माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "आत्या, एक पूछना था. आजोबांना अग्नी बाबांनीच दिला होता ना? माझी बायको म्हणते, दत्तक गेलेल्याला देता येत नाही. पण बाबा नेहमी सांगायचे. मडकं इतकं गरम होतं की हात भाजला. इथे, तळव्यावर, दाखवायचे मला. मी लहान होतो तेव्हापासून."

मी म्हटलं, "डाग होता?"

"होता ना. शेवटपर्यंत होता."

मी त्याला म्हटलं, "हो. त्यानंच दिला." तो हसला, जरा सैल होऊन बसला. मग हे पान त्याला टेबलावर दिसलं. मी वरच्या चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्यानं ते उचललं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "काय सुंदर अक्षर आहे, आत्या. कुणाला लिहिताय?" मी म्हटलं, जुन्या ओळखीचे आहेत. पान माझ्यापुढे ठेवून तो गेला. आज दार लावून मी पुन्हा लिहायला बसले आहे. या घरात आता हे उघडं पडलं तरी चालेल. वाचणारं कुणी उरलेलं नाही.

मी त्याच्याशी खोटं बोलले त्याबद्दल हे पत्र नाही. ते खोटं दादानं आधीच सांगून ठेवलं होतं. मी फक्त सही केली, आणि त्याला माझ्याकडून मिळालेली ती एकच गोष्ट आहे, तीही तो गेल्यावर. पत्र तुम्ही जायच्या आधीच्या एका दुपारबद्दल आहे.

तुम्ही दवाखान्यात आहात. शेवटचा आठवडा. मी स्टुलावर बसून मोसंबं सोलते आहे. तुम्हाला बोलायला त्रास होतो, दिवसभर काही बोलला नाहीत. आणि एकदम स्पष्ट आवाजात, वर्गात विचारावं तसं विचारता, "त्या पॉलसचं शेवटी कुणी केलं गं?"

मी मान वर करत नाही. तुम्ही आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, आणि मागायची दुसरी भाषा तुम्हाला येत नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काझीपेट लांब नव्हतं. एक तार केली असती तर तो दुसऱ्या दिवशी तुमच्या उशाशी असता. मी मोसंब्याची एक फोड सोलली. बिया काढल्या. म्हटलं, "आठवत नाही, अण्णा. पडा आता."

तुम्ही छताकडे बघितलंत. मग म्हणालात, "हं. मीच खोडलं होतं." आणि भिंतीकडे तोंड केलंत.

लोक गेल्यावर त्यांना सांगायचं राहून गेलं म्हणतात. माझं राहून गेलं नाही, मी सांगितलं नाही. हे पत्र ॲटलासमध्ये ठेवते आहे, त्या पानात, जिथे मॅसिडोनिया आहे. मला आठवत होतं, अण्णा. दोघांच्या नावांसकट.